गोबर गॅसची टाकी : लोखंडाऐवजी फायबर

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धानाचे, तलावांचे आणि जंगलाचे. या भागातील खेड्यांत घरामागे गोठा, गोठ्याशेजारी शेणखताचा खड्डा आणि काही ठिकाणी त्यालगत विटांची एक गोल विहीर दृष्टीस पडते. विहिरीत पावसाचे पाणी साचलेले असते, काठावर गवत माजलेले असते आणि मध्ये गंजून चाळण झालेली लोखंडी टाकी कलंडून पडलेली असते. एकेकाळी चालू असलेल्या गोबर गॅस संयंत्राचे हे अवशेष होत. घरधन्यास विचारले तर "गॅस बंद पडला" एवढेच उत्तर मिळते. वस्तुतः गुरे पूर्वीप्रमाणेच शेण देत असतात आणि विटांची विहीरही पुष्कळदा शाबूत असते. निकामी झालेला असतो तो संयंत्राचा एकच भाग, म्हणजे वायू साठविणारी टाकी. हा एक भाग योग्य पदार्थाचा बसविल्यास सारे संयंत्र पुन्हा कामास येऊ शकते.

सरपणाची खरी किंमत

जंगलालगतच्या गावात सरपण फुकट मिळते, असे समजले जाते. परंतु त्यासाठी घरातील स्त्रीस पहाटे उठून जंगल गाठावे लागते आणि डोक्यावर मोळी घेऊन परतावे लागते. ताडोबाचे जंगल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. वाघांचा वावर मात्र या प्रकल्पाच्या सीमेपुरता राहिलेला नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांतील गावाशेजारच्या जंगलातही तो आहे. सरपण, मोहफुले व तेंदूपाने यांसाठी जंगलात जाणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी प्राणास मुकतात. वाकून काड्या वेचणाऱ्या व्यक्तीला तर मागून येणाऱ्या जनावराची चाहूलही लागत नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरांत सिलिंडर आले, ही गोष्ट चांगली झाली. तथापि सिलिंडर संपला आणि हाती पैसा नसला की चूल पुन्हा पेटते व मोळीची वाट पुन्हा धरावी लागते. ज्या घरी गुरे आहेत त्या घरी गोबर गॅसचा दुसरा आधार असणे म्हणूनच हितावह आहे.

संयंत्राची पूर्वपीठिका

मलमूत्रापासून जळाऊ वायू काढण्याचा प्रयोग महाराष्ट्रास नवा नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये असे संयंत्र बसविले गेले होते. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास श्री. एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये श्री. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. १९८१ मध्ये बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो त्यानंतरच्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

या संयंत्राची रचना साधी आहे. जमिनीत विटांची विहीर असते. तिच्यात शेण व पाणी समप्रमाणात कालवून सोडतात. हवेचा संपर्क नसलेल्या शेणकाल्यात सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने वायू तयार होतो. त्यात निम्म्याहून अधिक भाग मिथेन या जळणाऱ्या वायूचा आणि उरलेला बहुतांश भाग कर्बद्विप्राणिल वायूचा असतो. विहिरीवर पालथी घातलेली टाकी वायू साठला की वर उचलली जाते आणि वापरला की खाली बसते. टाकीच्या वजनामुळेच वायूवर दाब पडतो व तो नळीवाटे शेगडीपर्यंत जातो.

लोखंडी टाकी का टिकत नाही?

गोबर गॅसमध्ये सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अल्प प्रमाणात असतो. हा वायू व पाण्याची वाफ यांची जोडी लोखंडाचा पत्रा आतून खाते. बाहेरून टाकीचा जो पट्टा कधी शेणकाल्यात व कधी उघड्या हवेत असतो, तो सर्वांत आधी गंजतो. पावसाळ्याची दीर्घ ओल त्यात भर घालते. यावर उपाय एकच असे, तो म्हणजे दरवर्षी टाकी रिकामी करून घासणे व तिला रंग देणे. परंतु शंभर किलोहून अधिक वजनाची टाकी विहिरीतून वर काढण्यास माणसे जमवावी लागतात आणि धानाच्या रोवणीच्या किंवा कापणीच्या हंगामात ती मिळत नाहीत. एक वर्ष रंग चुकतो, दुसरे वर्ष चुकते आणि मग पत्र्यास बारीक छिद्रे पडतात. गंजलेल्या पातळ पत्र्यावर जोडकाम टिकत नाही आणि जोडकाम करणारा कारागीर तालुक्याच्या गावीच भेटतो. दोष शेतकऱ्याच्या आळसाइतकाच त्या जागी वापरलेल्या पदार्थाचाही आहे.

फायबर म्हणजे काय?

बाजारात ज्यास नुसते 'फायबर' म्हणतात, ते काचेच्या तंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक होय. झाडीपट्टीतील शेतकऱ्यास त्यातील तत्त्व समजणे अवघड नाही. घराची भिंत लिंपताना मातीच्या गाऱ्यात धानाचे तणस कुटून घालतात. नुसती माती वाळली की तडकते, नुसते तणस उभे राहत नाही. दोहोंच्या संयोगाने मात्र भिंत मजबूत होते. बांबूचेही तसेच आहे. त्यातील उभे तंतू ताण सहन करतात व भोवतालचा गर त्यांस एकत्र धरून ठेवतो. फायबरमध्ये तणसाच्या जागी काचेचे तंतू व मातीच्या जागी राळेसारखे चिकट रसायन असते. साच्यावर तंतूंची चटई व रसायन यांचे थर एकावर एक देऊन ते घट्ट होऊ दिले की हवी ती वस्तू तयार होते.

हा पदार्थ गंजत नाही. यामुळेच कारखान्यांत आम्लाच्या टाक्या, रसायनांचे नळ, पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यातील पंख्यांची पाती अशा ठिकाणी धातूची जागा त्याने घेतली आहे. भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने मत्स्यबीज निर्मितीचे उचलून नेता येण्याजोगे संचही फायबरचेच बनविले आहेत. जेथे सतत ओल व खाणारा वायू आहे तेथे फायबर सरस ठरते. जेथे झीज व घाव आहे, जसे नांगराचा फाळ, तेथे लोखंडच हवे. गोबर गॅसची टाकी पहिल्या प्रकारात मोडते.

दुसरा लाभ हलकेपणाचा. लोखंडी टाकीस मालमोटार लागते. फायबरची लहान टाकी बैलगाडीवर लादून दोन-चार माणसे जंगलवाटेने नेऊ शकतात. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात तुटतो. अशा भागात या गोष्टीचे मोल अधिक आहे. तिसरे असे की, फायबरमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही. त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री लोखंडी टाकीवाटे जाणारी ऊब काही अंशी टिकून राहते.

वजनाचा हिशोब विसरू नये

हलकेपणाचा एक तोटाही आहे आणि तो न समजल्यामुळे नवी टाकी बसवूनही शेगडी मंद जळते. वायूचा दाब टाकीच्या वजनावर अवलंबून असतो. समजा, टाकीचा व्यास १.२५ मीटर आहे. तिच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे १.२३ चौरस मीटर होईल. शेगडी नीट जळण्यास दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब हवा असल्यास टाकीचे वजन सुमारे १२३ किलो असावे लागते. फायबरची टाकी ४० किलो भरली तर दाब जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर मिळेल. उरलेले सुमारे ८० किलो वजन वरून द्यावे लागेल.

हे वजन वाळूच्या लहान पिशव्यांनी द्यावे व ते टाकीच्या कडेने सर्व बाजूंस सारखे वाटून ठेवावे. एकाच बाजूस वजन आल्यास टाकी तिरपी होऊन अडकते. टोकदार दगड ठेवू नयेत, कारण घावाने फायबरला चिरा जातात. टाकी किती भार सहन करील, हे घेतानाच विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

जुन्या विहिरीत कोणीही उतरू नये

जुने संयंत्र पुन्हा चालू करताना सर्वांत मोठा धोका विहिरीच्या सफाईत आहे. तळाच्या गाळात विषारी व गुदमरविणारे वायू कोंडलेले असतात आणि गाळ ढवळताच ते बाहेर पडतात. एक मनुष्य आत बेशुद्ध पडतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो व दोघेही दगावतात, असे प्रसंग घडलेले आहेत. म्हणून गाळ वरूनच पंपाने वा दोरीच्या बादलीने उपसावा. पिण्याच्या विहिरीत दिवा सोडून हवा पाहण्याची जुनी रीत येथे मुळीच वापरू नये. मिथेन पेट घेऊन स्फोट होईल. विहिरीजवळ विडी, काडी, कंदील नेऊ नये व मुलांना फिरकू देऊ नये. आत उतरून दुरुस्ती करणे अनिवार्य असल्यास ते काम आवश्यक साधने असलेल्या जाणत्या कारागिरांकडूनच करून घ्यावे.

टाकी घेताना व बसविताना

१. विहिरीचा आतील व्यास वरून टेप अथवा काठी धरून निदान तीन दिशांनी मोजावा. जुन्या विहिरी किंचित वाकड्या झालेल्या असतात. सर्वांत कमी आलेले माप धरून, भोवती काही सेंटिमीटर मोकळी फट राहील अशी टाकी मागवावी.

२. टाकी उन्हात धरून पाहावी. बुडबुडे, कोरडे डाग किंवा पृष्ठभागावर उघडे पडलेले तंतू दिसल्यास ती घेऊ नये. कडा व भोके रसायनाने बंद केलेली असावीत.

३. टाकी फिरविल्यावर शेणकाल्यावरील साय मोडणारे आडवे दांडे आत आहेत काय, हे पाहावे.

४. मधला मार्गदर्शक नळ व त्याची चौकट लोखंडी असल्यास त्यांना रंग द्यावाच लागतो. टाकी फायबरची झाली म्हणून सारे काम संपले असे नाही.

५. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, पेटत्या काडीने कधीही नव्हे.

६. चालू संयंत्रातील थोडा शेणकाला विरजणाप्रमाणे घालावा. वायू धरण्यास काही आठवडे लागतात. प्रथम भरणारा वायू हवामिश्रित असतो. तो न पेटविता सोडून द्यावा.

निगा

टाकी सकाळ-संध्याकाळ थोडी फिरवावी, म्हणजे साय धरत नाही. नळीत साचणारे पाणी वेळोवेळी काढून टाकावे. चंद्रपूरचा उन्हाळा कडक असल्याने उन्हाने फायबरचा वरचा थर हळूहळू झिजतो. टाकीवर मांडवाची हलकी सावली करावी, मात्र हवा मोकळी राहू द्यावी. चीर पडल्यास तो भाग स्वच्छ व कोरडा करून, पॉलिश-कागदाने घासून, काचतंतूंची पट्टी व रसायन यांनी बुजविता येतो. त्या वेळी टाकीत वायू नसावा. आगीजवळ फायबर नेऊ नये, ते जळते.

आधी शेण मोजावे

दोन घनमीटरचे संयंत्र सहा ते आठ माणसांचा स्वयंपाक भागविते. परंतु त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. या भागातील गुरे लहान चणीची असून दिवसभर चराईला जातात आणि त्यांचे बरेचसे शेण जंगलातच पडते. म्हणून गुरांची संख्या न मोजता गोठ्यात सकाळी प्रत्यक्ष पडणारे शेण सलग आठ दिवस तोलावे. ते २५ किलोच भरत असेल, तर एक घनमीटरचा आकार पुरे. शेण कमी पडत असेल तर टाकी कितीही चांगली घेतली तरी शेगडी पेटणार नाही.

फायबरची टाकी घेताना लोखंडीपेक्षा खर्च कमी होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. बचत होते ती दरवर्षीच्या रंगाची, जोडकामाची व बंद पडलेल्या दिवसांची. अनुदानाचे नियम व दर बदलत असतात. ते पंचायत समितीच्या कृषि विभागात विचारून मगच व्यवहार ठरवावा. वायू निघून गेल्यावर बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे. ती कंपोस्टात मुरवून धानाच्या बांधीत वा पऱ्ह्यांना द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात आपल्या गावातील बंद संयंत्रांची एक यादी करावी. विहीर शाबूत आहे काय, शेण पुरेसे आहे काय आणि केवळ टाकीच गेली आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरापुढे लिहावीत. जेथे तिन्हींची उत्तरे होकारार्थी येतील, तेथे नवे संयंत्र बांधण्यापेक्षा जुन्यास नवी टाकी देण्याचा विचार प्रथम व्हावा. अशा प्रत्येक घरातील एक मोळी कमी होईल आणि पहाटे एकटीने जंगलात जाण्याचा एक प्रसंग टळेल.