जुना खेळ, नवे यंत्र

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या अब्बांनी किंवा मामांनी लहानपणी टीव्हीला एक डबा जोडून खेळ खेळले असतील. त्या डब्यात कॅसेट बसवायची, आणि ती चालली नाही तर बाहेर काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची. १९९० नंतर आपल्या बाजारात आलेले असे बरेच डबे म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या यंत्राची नक्कल होती. मूळ यंत्र १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आले. त्याची स्मृती होती अवघी २ किलोबाइट. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही याहून शेकडो पट जागा लागते.

हे खेळ घरच्या संगणकावरही खेळता येतात. त्यासाठी 'इम्युलेटर' नावाचा प्रोग्रॅम लागतो. गावात येणारा बहुरूपी कधी पोलीस होतो, तर कधी साधू. तसा हा प्रोग्रॅम संगणकाच्या आत जुन्या यंत्राचे सोंग घेतो. त्या यंत्राचा प्रत्येक भाग जे काम करत होता, ते तो हिशेब करून करतो. खेळाला वाटते, आपण जुन्याच डब्यात आहोत. पण कधी कधी खेळ अडतो. मग दोष कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या अब्बांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाची जुनी कॅसेट जपून ठेवली होती. डबा मात्र केव्हाच बिघडला होता. तिच्या मामाने कॅसेट वाचणाऱ्या एका छोट्या यंत्राने त्या खेळाची फाइल तयार करून दिली. (दुसऱ्याचा खेळ परवानगीशिवाय उतरवून घेणे कायद्यात बसत नाही, हे लक्षात ठेवा.) ईदच्या दिवशी अब्बांना चकित करायचे, असे तिने ठरवले होते. पण पडदा काळाच राहिला. तिने घाबरून प्रोग्रॅममधील पाच-सहा गोष्टी एकदम बदलल्या, आणि मग काय बदलले तेही तिला आठवेना.

मी तिला आधी सर्व बदल मूळ जागी आणायला सांगितले. नंतर आम्ही फाइलचा आकार पाहिला. या खेळात सूचनांसाठी ३२,७६८ बाइट आणि चित्रांसाठी ८,१९२ बाइट असतात. फाइलच्या सुरुवातीला आणखी १६ बाइट जोडलेले असतात. कॅसेट कोणत्या प्रकारची आहे, हे इम्युलेटरला त्यांवरून कळते. एकूण बेरीज ४०,९७६. तिची फाइल याहून लहान भरली. नक्कल पूर्ण होण्याआधीच तिने पेनड्राइव्ह काढला होता! फाइल पुन्हा आणली आणि खेळ सुरू झाला.

पण संगीत रेंगाळत होते. याचे कारण टीव्हीत आहे. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र काढत असत, तर भारत आणि युरोपातील ५० वेळा. हा खेळ ६० च्या हिशेबाने बनवलेला होता. तिच्या गोंधळात इम्युलेटर ५० वर राहून गेला होता. त्यामुळे एका मिनिटाचे काम ७२ सेकंदांत होत होते. तेवढी एक गोष्ट बदलताच संगीत ठीक झाले. आवाज तडतडत असेल तर मात्र कारण वेगळे असते. संगणक थोडा आवाज आधीच तयार करून साठवतो. तो दुसऱ्या कामात गुंतला की साठा संपतो. अशा वेळी बाकीचे प्रोग्रॅम बंद करावेत किंवा साठा थोडा वाढवावा. फार वाढवला तर उडी आधी दिसते आणि आवाज मागून येतो.

काही दोष तर दोष नसतातच. एका ओळीत बरीच पात्रे जमली की चित्र लुकलुकते. मूळ यंत्र एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकत होते. म्हणून खेळ बनवणारे ते तुकडे आळीपाळीने दाखवत. इम्युलेटर तेही इमानाने करतो. हे लुकलुकणे बंद करण्याची सोय अनेक इम्युलेटरमध्ये आहे, पण मला ते असलेलेच आवडते.

ईदच्या संध्याकाळी अब्बा खेळायला बसले. मारिओ पळत जाई आणि उडी न मारता सरळ खड्ड्यात पडे. चार-पाच वेळा असे झाल्यावर ते हसून म्हणाले, "राहू दे बेटा, आता माझा हात राहिला नाही."

दुसऱ्या दिवशी ती उदास होऊन मला हे सांगत होती. मी विचारले, "साध्या जागी उडी बसते का?" ती म्हणाली, "हो सर. फक्त पळताना बसत नाही."

हेच उत्तर होते. पळत उडी मारताना तीन बटणे एकदम दाबावी लागतात : दिशा, धाव आणि उडी. खेळाच्या जुन्या पॅडवर यात अडचण नव्हती. पण तारा वाचवण्यासाठी संगणकाच्या साध्या कीबोर्डची बटणे आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेली असतात. म्हणून काही तीन बटणे एकदम दाबली, तर तिसरे त्याला कळतच नाही. कोणती तीन, हे प्रत्येक कीबोर्डवर वेगळे असते. तपासणी सोपी आहे. लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडा. दिशेचे आणि धावण्याचे बटण दाबून धरा आणि मग उडीचे अक्षर दाबा. ते पडद्यावर उमटले नाही, तर दोष बोटांचा नाही.

तिने घरी जाऊन तपासले. अक्षर उमटले नाही. तिने उडीसाठी दुसरे बटण निवडले आणि अब्बांना पुन्हा बसवले. या वेळी मारिओने खड्डा सहज ओलांडला. पलीकडच्या कासवाला मात्र तो धडकला, आणि त्यात कीबोर्डचा काही दोष नव्हता.