काय हान्सेन : गाण्यासाठी जागा सोडणारा गिटारवादक

'पॉवर मेटल' हा संगीतप्रकार आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना अपरिचित असेल. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा आवाज प्रथम कानावर आदळतो, आणि मनुष्य तेथूनच मागे फिरतो. परंतु जरा थांबून ऐकावे. ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी मोठे ढोल धावत्या लयीत वाजवीत असतो. त्यावर गायकाचा आवाज तारसप्तकात चढतो. दोन गिटारी एकच चाल वाजवतात, पण एक षड्जावर असेल तर दुसरी गंधारावर, अशा अंतराने. आणि पालुपद असे, की साऱ्या सभेने ते उचलून धरावे. हा साचा बऱ्याच अंशी जर्मनीतील हॅम्बर्ग या बंदराच्या शहरात घडला, आणि तो घडवणाऱ्यांत काय हान्सेन यांचे नाव अग्रभागी आहे. (मराठी कानाला ते प्रश्नार्थक वाटेल, त्याला आमचा इलाज नाही!)

हान्सेन यांचा जन्म 1963 चा. 1984 साली 'हेलोवीन' हा चौघांचा वाद्यवृंद हॅम्बर्गमध्ये उभा राहिला. 1985 च्या 'वॉल्स ऑफ जेरिको' या तबकडीवर हान्सेन गिटारही वाजवतात आणि गातातही. हे दोन माणसांचे काम होय. हाताचे आघात एका वजनाने चालतात, शब्द दुसऱ्या. वेग वाढला की गळा तरी मार खातो किंवा हात तरी. शिवाय त्यांचा आवाज खरबरीत. त्यांच्याच चालींना हवी ती उंची त्याला सहज गाठता येईना. तेव्हा 1986 साली मिखाएल किस्के हा अठरा वर्षांचा पोरगा गायक म्हणून घेतला गेला आणि हान्सेन केवळ गिटारीकडे वळले. आम्ही संघटनेत उभी हयात घालवली. आपल्याहून लायक तरुण दिसताच ध्वनिक्षेपक त्याच्या हाती देणारे पुढारी आम्ही फार थोडे पाहिले.

फळ लगेच दिसले. 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' हे काम एकत्र जोडतबकडी म्हणून यावे अशी वादकांची इच्छा होती. कंपनीने 1987 आणि 1988 असे त्याचे दोन तुकडे केले. माल ज्याच्या हाताचा, त्याला तो कसा विकावा हे ठरवता येत नाही, ही गोष्ट गिरणीपुरती नाही! पहिल्या भागातील बहुतेक गाणी हान्सेन यांची. त्यातले तेरा मिनिटांचे 'हॅलोवीन' मुद्दाम ऐकावे. दुसऱ्या भागातील 'आय वॉन्ट आउट', म्हणजे 'मला बाहेर पडायचे आहे', हेही त्यांचेच. आणि त्या वर्षाच्या दौऱ्यानंतर, कीर्ती ऐन भरात असताना, ते खरोखरच बाहेर पडले.

1989 मध्ये त्यांनी 'गॅमा रे' स्थापन केला. तेथेही प्रथम गायक दुसरा, राल्फ शीपर्स. ते गेल्यावर 1995 च्या 'लँड ऑफ द फ्री'पासून हान्सेन पुन्हा स्वतः गाऊ लागले. त्यांचा प्रभाव दूरवर गेला. ब्राझीलच्या 'आंग्रा' मंडळींची पहिली मोठी तबकडी, 1993 ची 'एंजल्स क्राय', हान्सेन यांच्या हॅम्बर्गच्या स्टुडिओत मुद्रित झाली. स्वीडनच्या 'हॅमरफॉल'ने 1999 साली 'आय वॉन्ट आउट' पुन्हा गायले, तेव्हा त्यात स्वतः हान्सेन सामील होते.

आम्हाला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. 2016 मध्ये हेलोवीनने जुन्यांना परत बोलावण्याचे जाहीर केले. किस्के 1993 मध्ये गेले होते. त्यांच्या जागी 1994 पासून आंडी डेरिस गात होते. व्यवहारी मालकाने जुना आला म्हणून नव्याला घरी धाडले असते. येथे कोणालाच काढले नाही. सात माणसे, तीन गिटारी, तीन गळे! 2021 च्या तबकडीतील हान्सेन यांचे बारा मिनिटांचे 'स्कायफॉल' तिघांच्या आवाजांत वाटलेले आहे. आणि 2017 पासूनच्या त्या दौऱ्यात उंच चढणारी गाणी किस्के-डेरिस यांच्याकडे राहिली. 1985 ची मात्र हान्सेन स्वतः म्हणत, त्याच खरबरीत आवाजात.