दोन कवि व दोन चित्रपट

बुधवार पेठेंतील अप्पा बळवंत चौकांत वह्या-पुस्तकें घेण्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंस तेथील किबे लक्ष्मी चित्रगृह ठाऊक असेलच. १९३४ सालीं उघडलेलें हें चित्रगृह सुमारें ऐंशी वर्षें ‘प्रभात’ ह्या नांवानें ओळखलें जात होतें. ज्या प्रभात कंपनीचें तें नांव, तिच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या बोलपटाचा १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपट-महोत्सवांत गौरव झाला. (तें गौरवपत्र मध्यंतरीं कित्येक वर्षें गहाळ झालें होतें, आपण ठेवा कसा जपतों, तें ह्यावरून दिसतें!) त्याच महोत्सवांत २०१४ सालीं चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ ह्या चित्रपटास पारितोषिकें मिळालीं.

पारितोषिकांची यादी पाठ करण्यांत आम्हांस स्वारस्य नाहीं. नवल वाटतें तें निराळेंच. इतक्या वर्षांच्या अंतरानें निघालेल्या ह्या दोन्ही चित्रपटांचा नायक जणूं एकच आहे : आपल्या गाण्यामुळें अपराधी ठरलेला कवि.

दामले-फत्तेलाल ह्यांच्या बोलपटांत तुकोबांस आपले अभंग इंद्रायणींत बुडवावे लागतात. त्यांचा मत्सर करणारा सालोमालो त्यांचेच अभंग स्वतःच्या नांवावर खपवितो. निवाडा देणारे रामेश्वरशास्त्री मात्र विद्वान आहेत, दुष्ट नव्हेत. ‘कोर्ट’मध्यें नारायण कांबळे ह्या वृद्ध शाहिरावर आरोप येतो कीं, त्याचें गाणें ऐकून एका गटार-सफाई कामगारानें आत्महत्या केली. येथेंहि कोणी राक्षस नाहीं. सरकारी वकीलबाई लोकलनें घरीं जातात, स्वयंपाक करतात, आणि पुन्हां न्यायालयांत येऊन तितक्याच सहजपणें जुनाट कलमें वाचून दाखवितात. ही सहजताच आम्हांस अधिक भयंकर वाटली. कॅमेरा बहुधा एका जागीं स्थिर असतो. हा संथपणा कित्येकांस रुचत नाहीं. परंतु तारखांमागून तारखा पडणाऱ्या खटल्याचें चित्र धांवत्या कॅमेऱ्यानें कसें निघावें?

जुन्या चित्रपटांत आजारी पोरासाठीं विठोबावर वहाण उगारणारी जिजाई आहे, आणि अखेर नदी अभंग परत देते. नव्यांत चमत्कार नाहीं. शाहिरास जामीन मिळतो, पुन्हां अटक होते, न्यायालयास उन्हाळ्याची सुटी लागते, आणि सहलीस गेलेले न्यायाधीश बांकावर बसून डुलकी घेतात.