आमसुलाच्या जागी काय?

रत्नागिरीकडच्या नेवाळकर घराण्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाशीची सुभेदारी आली आणि मराठी चुली बुंदेलखंडात पेटल्या. कोकणच्या स्वयंपाकाला आधार देणारे नारळ आणि आमसूल मात्र तिथल्या कोरड्या, खडकाळ जमिनीत होत नाहीत. तिथे पिकतात गहू, ज्वारी, तीळ आणि आज भुईमूग. तळ्यांत शिंगाडे असतात, वाण्याकडे चिंच आणि आमचूर मिळतं. अशा गावी आमटी करायला बसलं की प्रश्न पडतोच: आमसूल नाही, मग घालू काय? आपण बहुधा चवीला जवळचा जिन्नस शोधतो. खरं तर आधी बघायला हवं ते हे, की नसलेला जिन्नस त्या पदार्थात कोणतं काम करत होता.

आमटीचंच घ्या. आमसूल रसात पडून राहतं, हळूहळू आंबटपणा सोडतं आणि हवं तेव्हा काढून टाकता येतं. चिंचेचा कोळ मात्र एकदम आंबट करतो आणि नीट उकळला नाही तर कच्चा लागतो. शिवाय तो डाळ शिजण्याआधी घातला तर डाळ लवकर मऊ होत नाही, कारण आंबट पाण्यात दाण्याच्या पेशींच्या भिंती घट्टच राहतात. आमचूर म्हणजे वाळल्या कैरीची पूड. ती विरघळत नाही, रस किंचित दाट करते, म्हणून शेवटी घालावी. तिघांचं काम आंबट करणं, पण वेळ तिघांची वेगळी. आमटीत हे जमून जातं. सोलकढीत जमत नाही, कारण तिला उकळी नसते आणि न उकळलेली चिंच नारळाच्या दुधात कच्चीच लागते. नारळाचंही तसंच: वाटणात तो स्निग्धपणा, दाटपणा आणि गोडवा देतो. दाण्याचं कूट पहिली दोन कामं चोख करतं, तिसऱ्यासाठी गुळाचा खडा लागतो. देशावर हा व्यवहार जुनाच आहे.

भट्टीतल्या पदार्थांत चूक लगेच उघडी पडते. १०० ग्रॅम लोण्याऐवजी १०० ग्रॅम तूप घातलं की केक तेलकट होतो, कारण बाजारच्या लोण्यात स्निग्धांश साधारण ८० टक्के असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. तेव्हा तूप ८० ग्रॅम आणि वर दुधाचा शिडकावा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, सोड्यात नसतं. म्हणून पावडरीच्या एका चमच्याऐवजी पाव चमचा सोडा घ्यावा आणि सोबत आंबट दही. नाहीतर फुगतं कमी आणि लागतं साबणासारखं. मैदा असलेल्या केकमध्ये दही-सोड्यावर अंड्याविना भागतं, कारण बांधणीचा भार मैदा उचलतो. ज्या स्पंजचा सगळा फुगीरपणा अंड्याच्या फेसावर उभा आहे, तिथे ही युक्ती हरते.

यावर कोणी म्हणेल, अशाने मूळ चव जाते. पण मूळ म्हणजे कोणत्या काळचं? मिरची, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हे तिन्ही अमेरिकेहून आले, आणि तरी साबुदाण्याची खिचडी आपल्या उपासाला चालते. तंजावरच्या मराठ्यांकडे आमसूल संपलं, चिंच घातली आणि सांबार झालं, ही निव्वळ आख्यायिका असेल. पण ती आवडीने सांगितली जाते, यावरूनच अशी अदलाबदल आपल्याला परकी नाही हे कळतं. दुसरा आक्षेप असा, की आता रेल्वेने नारळ झाशीतही येतो, मग हा खटाटोप कशाला? कारण कोणाला अंडं चालत नाही, कोणाला दाण्याची ॲलर्जी असते, आणि कधी ऐनवेळी डबाच रिकामा निघतो. तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे: सगळंच बदलता येत नाही. उकडीच्या मोदकाची पारी उकळत्या पाण्यात फुललेल्या तांदळाच्या पिठीवर उभी असते; कणकेची पारी तिच्यातल्या चिवटपणावर. कणीक उकडली तर पारी वातड होते, तळली तर खुसखुशीत. म्हणून पिठी नसेल त्या दिवशी कणकेला उकडीचं सोंग देऊ नये. कढई चढवून सरळ तळणीचे मोदक करावेत.