नोंदणी विवाह आणि कुमसाराचा प्रश्न

गोव्यात नागरी निबंधकापुढे विधिवत पूर्ण झालेल्या विवाहाला कायद्याची मान्यता असते. परंतु वर किंवा वधू कॅथलिक असल्यास केवळ तेवढ्याने चर्चच्या दृष्टीने विवाह सिद्ध होत नाही. मग अशा व्यक्तीला कुमसाराला जाता येते का, हा प्रश्न घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो आणि गैरसमजापायी माणसे वर्षानुवर्षे चर्चपासून दूर राहतात.

विवाह धर्मगुरू व साक्षीदारांसमक्ष व्हावा, हा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. १९८३ च्या धर्मसंहितेतही तो कायम आहे. तो मोडल्याने कोणी बहिष्कृत होत नाही. मिस्साला येण्यासही मज्जाव नाही. अडचण पापक्षमेची आहे. क्षमेसाठी पश्चात्तापाबरोबर आचरण बदलण्याचा निश्चय लागतो. अमान्य विवाहातील सहजीवन तसेच चालू राहणार असल्यास पाद्री सामान्यतः क्षमा देऊ शकत नाही.

तथापि, सर्वांची स्थिती सारखी नसते. दोघांचाही पूर्वी विवाह झालेला नसेल, तर उपाय सोपा आहे: चर्चमध्ये विवाहविधी करणे. जोडीदार हिंदू वा मुस्लिम असल्यास बिशपची अनुमती लागते; धर्मांतराची अट नसते. जोडीदार विधीस तयार नसला, तरी उभयतांची विवाहसंमती टिकून असल्यास बिशप नव्या विधीविना विवाह वैध ठरवू शकतात.

पहिला जोडीदार हयात असताना घटस्फोटानंतर केलेला विवाह मात्र कठीण प्रकरण होय. चर्च घटस्फोट मानत नाही. पहिला विवाह मुळातच अवैध होता का, हे धर्मन्यायालय तपासते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सुलभ केली. पूर्वी दुसऱ्या न्यायालयाचाही तसाच निर्णय लागे. ती अट गेली. विवाह अवैध ठरला नाही आणि मुलांमुळे विभक्त होणे अशक्य असेल, तर पती-पत्नीसंबंध न ठेवता एकत्र राहणाऱ्यांना क्षमा मिळू शकते, असे पोप जॉन पॉल द्वितीय यांनी १९८१ साली सांगितले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विवेक करण्यावर भर दिला; त्याच्या अर्थाविषयी चर्चमध्ये आजही मतभेद आहेत.

कुमसारातील गुपित पाद्री कधीही उघड करू शकत नाही. विवाहाची वैधता मात्र तेथे ठरत नाही. म्हणून नोंदणीचा दाखला व बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आधी आपल्या चर्चच्या विगारांना भेटावे.