पाण्याचा हिशेब मांडणारी आयआयटी

मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहार तलावातून, 1860 साली. वाढत्या शहराला ते पुरेना, म्हणून 1891च्या सुमारास शेजारीच पवईचा तलाव बांधला गेला. त्याचं पाणी मात्र पिण्याजोगं निघालं नाही, आणि शहराला आणखी लांब, तानसा-वैतरण्याकडे हात पसरावे लागले. विहार आणि पवई या दोन तलावांच्या मधल्या साडेपाचशे एकरांच्या आसपासच्या जागेवर आयआयटी मुंबई उभी आहे. 1958 साली स्थापन झालेल्या या संस्थेची पायाभरणी 10 मार्च 1959 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत मिळाली, यंत्रं आली, तज्ज्ञ आले. नव्या देशाला लागणारे अभियंते घडवायचे हा त्यामागचा उद्देश होता.

आज आयआयटी म्हटलं की प्रवेश परीक्षेतला क्रमांक आणि पदवीनंतरचं कोटींचं पॅकेज या दोनच गोष्टी घराघरांत बोलल्या जातात. वर्तमानपत्रांतही तेवढंच येतं. पण याच आवारात जवळपास चाळीस वर्षं एक काम चालू आहे, ज्यात पॅकेजचा विषय निघत नाही. गावाला पिण्याचं पाणी का मिळत नाही, पावसाचं पाणी शिवारात किती मुरतं, दहा वर्षांपूर्वी बसवलेला सौर पॅनेल आज किती वीज देतो, अशा प्रश्नांचं हे काम आहे. मला ते या संस्थेचं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

त्याचं मुख्य ठाणं म्हणजे 'सितारा'. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारं हे केंद्र 1985 साली सुरू झालं. सुरुवातीची बरीच वर्षं ते लहानच होतं. 2007 साली तिथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयातला एम.टेक. सुरू झाला आणि केंद्राचा चेहरा बदलला. या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी काही आठवडे गावात जाऊन राहतो. चुलीला सरपण किती लागतं, विहिरीची पातळी कधी खाली जाते, एसटी किती वाजता येते, रेशनचं धान्य कुठल्या रस्त्याने पोचतं, हे सगळं तो मोजतो, विचारतो, लिहून काढतो. यंत्राचा आराखडा त्यानंतर, आणि लागलाच तर.

केंद्राने हाती घेतलेल्या प्रश्नांत पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं ज्या डोंगराळ पट्ट्यात आहेत, त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण खाली काळा बसाल्टचा खडक, वर पातळ माती आणि तीव्र उतार. पाणी पावसाळ्यातच समुद्राकडे निघून जातं आणि होळीच्या सुमारास विहिरी तळ गाठतात. मग सरकार धरणातून किंवा नदीतून पाणी उचलून दहा-वीस गावांना एकत्र पुरवणारी प्रादेशिक नळयोजना आखतं. योजना कागदावर चांगली असते, उद्घाटनही होतं. दोन-तीन वर्षांत शेवटच्या पाड्याचा नळ कोरडा पडतो, तिथले लोक पाणीपट्टी भरणं थांबवतात, वीजबिल थकतं आणि अख्खी योजना बंद पडते.

सितारातल्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी ठाणे-रायगडच्या डोंगराळ भागातल्या अशा योजनांचा पाठपुरावा केला. शेवटच्या नळाला पाणी न येण्यामागे राजकारण असतं, चोरून घेतलेली जोडणी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आराखड्यातलं गणितही तितकंच कारणीभूत असतं. नळातून पाणी वाहताना पाइपाच्या आतल्या बाजूशी घर्षण होऊन दाब कमी होत जातो. पाइपाचा व्यास निम्मा केला, तर तेवढंच पाणी नेताना जाणारा दाब जवळपास 30 पट होतो. म्हणून सगळीकडे जाड पाइप टाकावेत, तर पैसा पुरत नाही, कारण अशा योजनेत खर्चाचा मोठा वाटा पाइपांचाच असतो. समजा, टाकीपासून पाड्यापाड्यांपर्यंत पाइपलाइनचे 60 तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी बाजारात 10 व्यास मिळतात. निवडीच्या शक्यता झाल्या 1 वर 60 शून्यं. तालुक्याच्या कचेरीत बसलेला उपअभियंता यांतल्या किती तपासणार? तो अनुभवाने अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाचा फटका ओळीतल्या शेवटच्या वस्तीला बसतो.

या अडचणीतून 'जलतंत्र' निघालं. संगणकशास्त्राचे प्राध्यापक ओम दामाणी आणि त्यांचे विद्यार्थी निखिल हुडा यांनी घडवलेली ही संगणकप्रणाली. गावांची उंची, अंतरं, प्रत्येक वस्तीला लागणारं पाणी आणि पाइपांचे दर तिच्यात भरायचे. शेवटच्या नळालाही पुरेसा दाब मिळेल आणि खर्च कमीत कमी होईल, अशी पाइपांची जुळणी ती शोधून देते. टाक्या कुठे बांधाव्यात, किती मोठ्या असाव्यात, हेही पुढे तिच्यात आलं. त्यातलं गणित वरच्या पातळीचं आहे आणि त्यावर शोधनिबंधही झाले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रणाली बनवताना सरकारी पाणीपुरवठा विभागाचा अभियंता डोळ्यांसमोर होता. त्याला जमेल अशा रीतीने माहिती भरण्याची सोय केली गेली. 2019 साली जलजीवन मिशन आलं, दर माणशी दिवसाला 55 लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं आणि देशभर आराखड्यांचा पाऊस पडला. तेव्हा असं हत्यार तयार होतं.

पिण्याच्या पाण्यापेक्षा शेतीच्या पाण्याचा हिशेब कितीतरी मोठा. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प' सुरू केला. लोक त्याला 'पोकरा' म्हणतात. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून 15 जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं त्यात होती. प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटीच्या चमूने तयार केली. या कामात पुढे होते मिलिंद सोहोनी. तेही मुळात संगणकशास्त्राचे प्राध्यापक, गणितात रमलेले. आपल्या तंत्रशिक्षणाने आपल्याच भागातले प्रश्न अभ्यासायला हवेत, हे ते मराठीतून आणि इंग्रजीतून सातत्याने लिहीत आले आहेत.

हा ताळेबंद म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. 1000 हेक्टरचं शिवार आहे आणि पावसाळ्यात 700 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे गावावर 70 लाख घनमीटर पाणी पडलं. त्यातलं काही ओढ्याने वाहून गेलं, काही मातीने धरलं, पिकांनी त्यातून घेतलं, उरलेलं खाली झिरपून विहिरीला मिळालं. आता गावाने 30 मीटर लांब-रुंद आणि 3 मीटर खोल अशी 100 शेततळी खणली. एका तळ्यात साधारण 2,000 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे शंभरांत 2 लाख. एकूण पावसाच्या जेमतेम 3 टक्के. उलट एक मीटर खोलीची काळी जमीन पिकाला वापरता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी आपल्या पोटात धरते, आणि उतारावरची वीतभर मुरमाड जमीन फार तर 30-40. शिवारातलं सर्वांत मोठं तळं म्हणजे माती, हे या आकड्यांवरून दिसतं. पावसाने ऑगस्टमध्ये तीन आठवडे दडी मारली की खोल जमिनीतली तूर तग धरते आणि त्याच गावातलं माळावरचं सोयाबीन करपतं, तेही यामुळेच.

म्हणून आयआयटीच्या पद्धतीत गावाची एकच सरासरी काढून भागवत नाहीत. मातीचा पोत, तिची खोली, जमिनीचा उतार, तिथे काय पेरलंय, आणि 'महावेध'च्या हवामान केंद्रावर रोज नोंदला जाणारा महसूल मंडळाचा पाऊस, हे सगळं घेऊन दर दिवसाचा हिशेब होतो. कुठल्या भागात कुठल्या पिकाला किती पाणी कमी पडलं आणि किती पाणी वाहून गेलं, हे त्यातून कळतं. मग बंधारा हवा की बांधबंदिस्ती, की पीकच बदलायला हवं, यावर गावाला हातात आकडे घेऊन बोलता येतं.

हेच आकडे कधी अप्रिय गोष्टही सांगतात. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली शेततळी पावसाच्या पाण्याने भरावीत अशी कल्पना होती. बऱ्याच ठिकाणी ती विहिरीतून आणि बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीखालचं सर्वांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि त्यातलं काही उन्हात उडून जातं. सितारातल्या संशोधकांनी याचा अभ्यास केला. अशी तळी एका मर्यादेपलीकडे वाढली, की गावाचा एकूण फायदा वाढायचा थांबतो आणि तळं परवडत नाही असा शेतकरी मागे पडतो. ज्या योजनेची सगळीकडे वाहवा होते तिच्याबद्दल असं मोजून सांगायला धैर्य लागतं. विद्यापीठाचं काम हेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याइतका नसला तरी उन्हाचाही हिशेब पवईत होतो. 2010 साली केंद्र सरकारच्या मदतीने इथे सौर प्रकाशविद्युत संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. पॅनेलसाठी नवे पदार्थ शोधणं हा कामाचा एक भाग. दुसरा मला अधिक ओढून घेतो. या केंद्राच्या चमूंनी लडाखच्या थंडीपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत देशभर फिरून, वापरात असलेल्या पॅनेलांची तपासणी केली. कुठे चीर गेलीय, कुठे रंग पिवळा पडलाय, वीज किती घटलीय, याची नोंद घेतली. उष्ण प्रदेशातले पॅनेल लवकर उतरतात, आणि मोठ्या प्रकल्पांच्या मानाने छपरावरच्या लहान जोडण्यांची घट जास्त, असं त्यात आढळलं. घराच्या गच्चीवर पॅनेल बसवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची ही माहिती आहे.

चेतनसिंह सोलंकी यांनी याच संस्थेतून शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांची मोहीम चालवली. 2014पासून पहिले दहा लाख दिवे वाटले गेले, पुढे केंद्र सरकारच्या साहाय्याने 70 लाख दिव्यांची योजना झाली. दिवे गावातल्याच माणसांनी जोडायचे आणि दुरुस्तही त्यांनीच करायचे, ही त्यातली खरी युक्ती. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायका डाग द्यायला शिकल्या आणि पुढे सौर पॅनेलच्या कारखान्याच्या मालक झाल्या. गावोगाव वीज पोचल्यावर दिव्यांची गरज ओसरली, पण त्या बायकांचं कसब राहिलं.

आता आवाराबद्दल. दहा हजारांहून जास्त विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांची कुटुंबं, शाळा, दवाखाना, बाजार, असं हे एक गावच आहे. वसतिगृहांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि माणूस साठीला आला तरी आपला आकडा अभिमानाने सांगतो. आवारात फिरणारी विजेवरची गाडी म्हणजे 'टमटम'. रस्त्यावर गाई-बैल निवांत बसलेले असतात, तलावात मगरी आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने अधूनमधून बिबट्या येऊन जातो. डिसेंबरात 'मूड इंडिगो'च्या दिवसांत देशभरची कॉलेजं इथे लोटतात. 'अभ्युदय'सारखे विद्यार्थ्यांचे सामाजिक उपक्रम चालतात, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं शिकवायला जातात. 2014 साली विद्यार्थ्यांच्या 'टीम शून्य'ने मुंबईच्या रचना संसदेतल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर सूर्याच्या विजेवर चालणारं अख्खं घर बांधलं आणि ते फ्रान्समध्ये व्हर्सायला 'सोलर डेकॅथलॉन' स्पर्धेत नेऊन उभं केलं. भारतातून या स्पर्धेत उतरलेला तो पहिलाच संघ.

पण या मुलांचं एक काम मला त्याहून मोठं वाटतं. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला महापालिकेने सुरुवात केली. काठावर दगडांची भर पडू लागली. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी, पर्यावरण कार्यकर्त्यांच्या बरोबरीने, उच्च न्यायालयात गेले. पाणथळ जागेवर असं बांधकाम चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मे 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पीएच.डी.च्या ऐन धावपळीत कोर्टाची पायरी चढायची ती आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्यासाठी, याला मी शिक्षणच म्हणेन.

विहार आणि पवईच्या सांडव्यातून मिठी नदी निघते. म्हणजे 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, ज्या नदीने शहर बुडवलं तिच्या उगमापाशी ही संस्था आहे. 2010 साली शहरी पुरांबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्या कामात इथले कपिल गुप्ता आघाडीवर होते. अलीकडे सुबिमल घोष यांच्या गटाने मुंबईतल्या पावसाचा आणि तुंबणाऱ्या पाण्याचा अंदाज सांगणारी प्रायोगिक सेवा सुरू केली आहे. रस्त्यावर पाणी कुठवर आलंय, हे लोकांनीच कळवायची सोय तिच्यात आहे.

एक आयआयटी हे सगळं किती गावांना पुरणार, हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला. त्यातून 2016 साली राज्य शासनाच्या निर्णयाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आकाराला आलं. जिल्ह्यातलं अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच जिल्ह्याच्या प्रशासनाशी जोडायचं, आणि पाणीपुरवठा, सार्वजनिक वाहतूक, घनकचरा, लहान उद्योगांतली ऊर्जा असे विषय विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यायचे. राज्याच्या 'जलयुक्त शिवार' या जलसंधारण योजनेतल्या कामांचं मूल्यमापन अशा महाविद्यालयांनी केलं. प्रकल्पाची तयार वही शहरातल्या दुकानातून विकत आणून बांधणी करून देण्याची सवय आपल्या अनेक महाविद्यालयांत मुरलेली आहे. त्याऐवजी सांगली, यवतमाळ किंवा परभणीचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आपल्याच तालुक्यातल्या नळयोजनेच्या टाकीपाशी दाबमापक घेऊन उभा राहतो, पंचायतीच्या दप्तरातून तिच्या वीजबिलांची नक्कल काढतो आणि ती योजना का बंद पडली याचा अहवाल गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवतो, असं व्हायला हवं. त्याला लागणारी पद्धत पवईत तयार झाली आहे. ती शिकवणारे मास्तर आता प्रत्येक जिल्ह्यात हवेत, आणि त्यांना त्यासाठी वेळ देणारं महाविद्यालयही.