नाममुद्रेचा अर्थ : साखळी-करवतीचे उदाहरण

नाममुद्रेने नेमके काय निर्दिष्ट होते, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु वृक्षतोडीवर उपजीविका करणाऱ्या माणसाची मजुरी आणि शरीर ही दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

युरोप-अमेरिकेतील व्यावसायिक लाकूडतोड्यांत साखळी-करवतीविषयी दोन नावे विशेष प्रचलित आहेत : १९२६ साली श्टुटगार्ट येथे स्थापन झालेली ‘श्टील’ आणि १६८९ साली शस्त्रांचा कारखाना म्हणून आरंभ झालेली स्वीडनमधील ‘हुस्कवार्ना’. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद नित्य चालतो. तथापि हा प्रश्नच सदोष आहे. नाममुद्रा उत्पादकाचा निर्देश करते. वस्तूच्या गुणाचा नव्हे.

‘श्टील’च्या ‘एमएस २६१’ व ‘एमएस २७१’ या दोन करवती घ्या. दोहोंच्या सिलिंडरची धारिता ५०.२ घनसेंटिमीटर. मोठ्या अंकामुळे दुसरी वरचढ वाटेल. वस्तुतः पाते व साखळी वगळता पहिलीचे वजन सुमारे ४.९ किलो व शक्ती ३ किलोवॅट, तर दुसरीचे वजन ५.६ किलो व शक्ती २.६ किलोवॅट आहे. पहिली व्यावसायिकासाठी, दुसरी शेतावरील प्रासंगिक कामासाठी घडविलेली आहे. याउलट ‘हुस्कवार्ना’च्या ‘५५०’ व ‘५७२’ या अंकांतील शेवटचे दोन आकडे धारितेचे स्थूल सूचक आहेत : अनुक्रमे ५०.१ व ७०.६ घनसेंटिमीटर. परंतु ‘४५०’ची धारिताही ५०.२ आहे, व्यावसायिक वर्ग दर्शविते ते ‘५५०’पुढील ‘एक्सपी’ हे चिन्ह. म्हणजे अंकांचा संकेत नाममुद्रेगणिक बदलतो.

दिवसभर करवत चालविणाऱ्यास सातशे ग्रॅमचा फरक किरकोळ नसतो. दीर्घकाळच्या कंपनाने बोटांतील रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी व बधिर पडतात. म्हणून वजनाबरोबर कंपनाची मात्राही पाहावी लागते. शिवाय साखळी, गाळणी किंवा स्पार्क प्लग यांसाठी काम थांबले, तर मजुरी बुडते. सबब जवळचा दुरुस्ती करणारा विक्रेता कोणत्या नाममुद्रेचा आहे, हा विचार अखेरीस निर्णायक ठरतो.

सारांश, आधी वर्ग, मग वजन व कंपन, नंतर विक्रेता, हा निवडीचा क्रम होय. नाममुद्रा त्यातून आपोआप निश्चित होते. विशेषनामाला गुणवाचक मानण्याची चूक व्याकरणात केवळ दोष ठरते. अरण्यात तिचे मोल हातांना द्यावे लागते.